बोकडांच्या टकरी : वेगळे केव्हा करावे, पुन्हा एकत्र कसे करावे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत भाताची लावणी सुरू झाली, की शेळ्यांचे माळावर फिरणे कमी होते. खाचरांत रोपे उभी असतात. बांधावर जनावर सोडले तर शेजाऱ्याचे नुकसान होते आणि डोंगरउतारावर न्यावे तर पाऊस उसंत देत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे एरवी दिवसभर मोकळी असणारी शेळ्या-करडे या काळात बराच वेळ गोठ्यात कोंडलेली राहतात. मग गोठ्यातून टकरींचा आवाज येऊ लागतो.

बोकड म्हटला की टकरी आल्याच, असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. लहान करडांच्या बाबतीत ते ठीक आहे. परंतु जे शेतकरी बकरी ईदच्या बाजारासाठी चार-सहा बोकड सांभाळतात, त्यांना हे दुर्लक्ष महाग पडते. मुळापासून शिंग मोडलेला, लंगडा किंवा डोळा गेलेला बोकड कुर्बानीसाठी चालत नाही. वर्षभर पाला-खुराक घालून वाढविलेला बोकड एका टकरीने जायबंदी झाला, तर तो साध्या मटणाच्या भावाने द्यावा लागतो आणि वर्षाची मेहनत वाया जाते.

भांडणारे बोकड वेगळे करणे फारसे अवघड नाही. खरी अडचण त्यानंतर येते. आठ-दहा दिवस वेगळे ठेवलेले बोकड पुन्हा एका कप्प्यात सोडले, की ते पहिल्यापेक्षाही जोराने भांडतात. म्हणून वेगळे करण्यापूर्वीच पुढचा विचार करणे आवश्यक आहे. त्याविषयीची माहिती या लेखात दिली आहे.

टकरी का होतात?

शेळ्यांच्या प्रत्येक कळपात मानाची उतरंड असते. गव्हाणीवर प्रथम कोणी तोंड घालायचे, कोरड्या जागी कोणी बसायचे, वाट कोणी सोडायची, हे त्या उतरंडीवर ठरते. बोकडांमध्ये ती टकरीने ठरते आणि एकदा ठरली की रोज भांडावे लागत नाही. वरच्या बोकडाने मान खाली करून शिंगे दाखविली, की खालचा बाजूला होतो. कळपात शांतता असते ती यामुळेच.

ही उतरंड पुढील कारणांनी मोडते :

१) कळपात नवीन बोकड आणणे.
२) कळपातील एखादा बोकड काही दिवस बाहेर ठेवून परत आणणे. इतरांच्या दृष्टीने तो आता परका असतो.
३) वरच्या मानाचा बोकड विकणे. रिकाम्या जागेसाठी उरलेल्यांत चढाओढ लागते.
४) नर वयात येणे. करडे ४ ते ५ महिन्यांची झाली की खेळातल्या टकरी खऱ्या होऊ लागतात.
५) जवळच माजावर आलेली शेळी असणे.
६) गव्हाण अपुरी असणे, दाटी होणे, कोरडी जागा कमी पडणे.

शेवटची दोन कारणे आपल्याकडे पावसाळ्यात एकत्र येतात. शिवाय माळावर हरलेला बोकड पळून जातो व भांडण तेथेच संपते. गोठ्यात त्याला पळायला जागा नसते. जिंकणारा मारतच राहतो आणि हरलेला कोपऱ्यात सापडतो. बहुतेक गंभीर इजा अशा कोपऱ्यात होतात.

मानाची टक्कर आणि मारामारी

प्रत्येक टक्कर सोडवावयास जाऊ नये. अर्ध्यावर सोडविलेली मानाची टक्कर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते. फरक पुढीलप्रमाणे ओळखावा.

मानाच्या टकरीत दोघे समोरासमोर येतात, मागच्या पायांवर उभे राहतात आणि खाली येताना कपाळाला कपाळ भिडवितात. मध्ये थांबतात, पुन्हा भिडतात. शेवटी एक मान वळवून निघून जातो आणि दुसरा त्याला जाऊ देतो. अशा वेळी लांबून लक्ष ठेवावे.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास मात्र ताबडतोब वेगळे करावे :

• एक बोकड दुसऱ्याच्या कुशीवर, पोटावर किंवा मागच्या पायांवर बाजूने मारत आहे.
• हरलेला पळत असतानाही त्याचा पाठलाग थांबत नाही.
• दोघे-तिघे मिळून एकालाच मारत आहेत.
• रक्त आले आहे, शिंग हलते आहे किंवा पाय टेकत नाही.
• एक बोकड कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, गव्हाणीकडे येत नाही, रवंथ करीत नाही.

शेवटचे लक्षण सहज नजरेतून सुटते. त्या बोकडाला बाहेरून जखम नसते. पण त्याला खाऊ दिले जात नाही आणि महिन्याभरात तो वजनाने मागे पडतो.

भांडण सोडविताना

१) दोघांच्या मध्ये शिरू नये. समोरून शिंगे धरू नयेत. उसळी घेतलेल्या बोकडाचे शिंग माणसाच्या पोटाला किंवा चेहऱ्याला लागू शकते. लहान मुलांना गोठ्यापासून दूर ठेवावे.

२) डोक्यावर काठी मारू नये. त्याने भांडण थांबत नाही, उलट डोळ्याला इजा होण्याची भीती असते.

३) बादलीभर पाणी तोंडावर फेकावे. दोघे क्षणभर बाजूला होतात. तेवढ्यात फळी, जुने दार किंवा पत्र्याची चौकट मध्ये सरकवावी. अशी एक फळी गोठ्याजवळ नेहमी उभी करून ठेवावी.

४) दोन माणसे असावीत. एकाने फळी धरावी, दुसऱ्याने एका बोकडाला मागून किंवा बाजूने गळ्याचा पट्टा धरून बाहेर काढावे.

५) जखमी असेल त्याला आधी बाहेर काढावे. जखमी कोणी नसेल आणि एकच बोकड सर्वांना मारत असेल, तर त्या मारक्याला काढावे. मार खाणाऱ्याला काढले, तर तो आपले लक्ष दुसऱ्याकडे वळवितो.

६) एकाला दाव्याने बांधून दुसऱ्याला मोकळे कधीही ठेवू नये. ही चूक वारंवार होते. बांधलेल्याला पळता येत नाही, तो आडवा पडून मार खातो किंवा दाव्याचा फास बसून मरतो. दोघांनाही बांधावयाचे असेल, तर खुंट्यांमधील अंतर दोन्ही दाव्यांच्या एकत्रित लांबीपेक्षा किमान दोन हात जास्त ठेवावे.

जखमी बोकडाची काळजी

शिंगाच्या आत जिवंत हाड असते व त्याला भरपूर रक्तपुरवठा असतो. मोठ्या बोकडात हे हाड पोकळ असून ती पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीला जोडलेली असते. म्हणून शिंग मुळाजवळ मोडले की रक्त खूप येते आणि जखम उघडी राहिली तर आत घाण जाते. स्वच्छ कापडाची घडी दाबून धरावी, रक्त थांबले की कापड बांधून पशुवैद्यकास बोलवावे. उघड्या पोकळीत टर्पेंटाइन, फिनाईल किंवा पातळ औषध ओतू नये.

साधी जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन कोरडी करावी व टिंक्चर आयोडीन लावावे. पावसाळ्यात माश्या जखमेवर बसून दोन-तीन दिवसांत अळ्या पडतात. त्यामुळे माशी न बसू देणारे मलम पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रोज लावावे आणि जखम सकाळ-संध्याकाळ पाहावी. शेळीवर्गीय जनावरांना धनुर्वात होऊ शकतो. खोल जखम असेल, तर त्यावरील लसीबाबत लगेच विचारावे. पोट फुगणे, लघवीतून रक्त येणे, वृषणाला सूज येणे किंवा बोकड उठत नसणे ही आतल्या माराची लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. दवाखाना लांब असल्यास १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी संपर्क साधता येतो.

वेगळे ठेवण्याची जागा

वेगळे करणे म्हणजे दूर लपविणे नव्हे. शेळी हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा कोंडलेला बोकड ओरडतो, चारा कमी खातो आणि इतरांना विसरतो. त्याची जागा शेजारच्याच कप्प्यात असावी. तेथून त्याला बाकीचे दिसले पाहिजेत आणि त्यांचा वास आला पाहिजे, पण शिंग पोहोचता कामा नये.

आपल्याकडे गोठ्याला कारवीचा कूड घालण्याची पद्धत आहे. कूड पाऊस-वारा अडवितो, परंतु मोठ्या बोकडाची टक्कर सोसत नाही. म्हणून दोन कप्प्यांमधील आडोसा जमिनीपासून कमरेइतका तरी जाड बांबू, लाकडी वासे किंवा फळ्यांचा करावा आणि त्यावर छातीपेक्षा उंच आडव्या बांबूंचे कुंपण घ्यावे. बांबूंमधील फट अशी नसावी, की डोके आत जाईल पण शिंगांमुळे बाहेर येणार नाही. तारेची जाळी एकटी पुरत नाही. बोकड तिला धडका देऊन वाकवितात आणि तिच्यात शिंगे अडकवून घेतात.

मोठ्या बोकडाला छपराखाली किमान २० चौरस फूट आणि वाढत्या नराला ८ ते १० चौरस फूट जागा द्यावी. पाऊस उघडल्यावर सोडण्यासाठी त्याच्या दुप्पट मोकळे अंगण असावे. गव्हाणीवर प्रत्येक मोठ्या बोकडाला दीड फूट जागा हवी. एक लांब गव्हाण करण्याऐवजी दोन-तीन ठिकाणी पाला टांगावा, म्हणजे एकाच बोकडाला सर्व अडवून धरता येत नाही. कप्प्यात दोन फूट उंचीचा मजबूत मचाण किंवा मोठा दगड ठेवल्यास मार खाणाऱ्याला चढून बसता येते. मचाण मधोमध असावा. त्याच्याभोवती फिरता आले, की कोपऱ्यात सापडण्याची भीती कमी होते.

नरांचा कप्पा शेळ्यांच्या कप्प्यापासून शक्य तितका लांब असावा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. नर त्या बाजूला ठेवले तर माजावरील शेळ्यांचा वास त्यांच्याकडे कमी जातो. मात्र झड त्याच बाजूने येत असल्याने तेथे चांगली ताटी लावणे जरूर आहे.

पुन्हा एकत्र करताना

शक्य असेल तर वेगळे केलेला बोकड परत आणूच नये. त्याला विक्रीपर्यंत शेजारच्या कप्प्यात एखाद्या शांत सोबत्याबरोबर ठेवावे. खच्ची केलेला नर अशी सोबत चांगली देतो. जागेअभावी एकत्र करणे भागच असेल, तर पुढील क्रम ठेवावा :

१) जखम पूर्ण भरली असावी. अशक्त बोकडाला परत सोडू नये.
२) आठवडाभर दोन्ही बाजूंना कुंपणालगत चारा टाकावा, म्हणजे बोकड जवळजवळ उभे राहून खातील.
३) कप्प्यातील पेंढा व पातेरा अदलाबदल करावा. वास सारखा झाल्याने परकेपणा कमी होण्यास मदत होते.
४) प्रथम भेट गोठ्यात न करता उघडीप पाहून मोकळ्या, न घसरणाऱ्या जागेत करावी. पोट भरलेले असावे. चारा चार-पाच ठिकाणी विखरून ठेवावा.
५) शक्यतो एकट्याला न सोडता सोबत्यासह सोडावे. एकट्यावर सगळ्यांचा रोख येतो, दोघे असले की तो विभागतो.
६) सकाळी सोडावे आणि दिवसभर घरातील कोणीतरी लक्ष ठेवावे. रात्री पुन्हा वेगळे कोंडावे. सलग दोन-तीन दिवस पाठलाग व कुशीवरचा मार दिसला नाही, तरच रात्री एकत्र ठेवावे.

दोन वेळा प्रयत्न करूनही मारामारी होत असेल, तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नये. त्या दोघांचे जमणार नाही असे समजून त्यांना कायमचे वेगळे ठेवावे किंवा एकाची विक्री करावी.

टोळी लहानपणीच बांधावी

वरील सर्व खटाटोप टाळण्याचा उत्तम उपाय म्हणजे नरांची टोळी लहान वयातच बांधणे आणि ती विक्रीपर्यंत न मोडणे. करडे ३ महिन्यांची झाली की नर व पाठी वेगळ्या कराव्यात. तसेही ४ ते ५ महिन्यांचा नर पाठीला गाभण करू शकतो, त्यामुळे हे वेगळे करणे आवश्यकच आहे. एका टोळीतील नरांच्या वयात एक-दीड महिन्यापेक्षा जास्त फरक नसावा. भुंडे आणि शिंगांचे नर एका टोळीत घालू नयेत. आपल्या गावठी करडांत सिरोही, बीटल किंवा जमनापारी अशा भारी अंगाचे नर मिसळू नयेत.

ईदच्या हिशेबाने पाहू. कुर्बानीचा बोकड पूर्ण एक वर्षाचा असावा लागतो. बकरी ईद दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. ती २०२४ मध्ये १७ जूनला आणि २०२५ मध्ये ७ जूनला झाली. आता ती मे महिन्यात सरकत आहे. म्हणजे ज्या करडांना पुढील ईदला न्यावयाचे, ती आदल्या उन्हाळ्यापर्यंत जन्मलेली असली पाहिजेत. अशी करडे तीन महिन्यांची होतात ती बहुधा पावसाळ्याच्या आगेमागे. टोळी बांधण्याची वेळ आणि कोंडून ठेवण्याची वेळ अशी एकत्र येते. म्हणून नरांचा कप्पा मे महिन्यातच तयार करून ठेवावा. लावणीच्या धांदलीत ते काम होत नाही.

एकदा टोळी बांधली की तिच्यात नवीन नर घालू नये. बाजारात स्वस्त मिळाला म्हणून आणलेला बोकड आधी २१ दिवस रोगाच्या दृष्टीने वेगळा ठेवावाच लागतो. त्यानंतरही त्याचा कप्पा वेगळाच असावा. विक्रीही शक्यतो पूर्ण टोळीची एकदम करावी.

ही रीत केवळ शेळ्यांपुरती नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात शेतकरी गिनी पिग हा सशाहून लहान प्राणी मांसासाठी पाळतात. त्याचे नरही वयात आले की एकमेकांना चावून जखमी करतात. तेथे दूध तुटताच सारख्या वयाचे नर एका खणात घालतात, विक्रीपर्यंत त्यात नवा नर सोडत नाहीत आणि पैदाशीच्या खणात ७ ते १० माद्यांत एकच नर ठेवतात. प्राणी वेगळा असला तरी धडा तोच आहे.

पैदाशीचा बोकड

पैदाशीचा मोठा बोकड २५ ते ३० शेळ्यांना पुरेसा होतो. असे दोन बोकड एका कप्प्यात ठेवू नयेत. १० शेळ्या व १ बोकड असा गट असणाऱ्यांना वाटते, की आपल्याकडे भांडणाचा प्रश्न नाही. परंतु वर्षभरात घरचेच नर मोठे होतात आणि पैदाशीच्या बोकडासमोर उभे राहतात. तेथे वजनाचा फरक मोठा असल्याने लहानाचा जीवही जाऊ शकतो. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ पासूनच्या उद्योजकता योजनेतील सर्वांत लहान गट १०० शेळ्या व ५ बोकडांचा आहे. असा प्रकल्प करणाऱ्यांनी आराखड्यातच पाचही बोकडांचे पाच कप्पे दाखवावेत.

खच्चीकरण

जे नर पैदाशीसाठी ठेवावयाचे नाहीत, ते ३ ते ४ महिन्यांच्या वयात पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यावेत. असे नर शांत राहतात, त्यांना उग्र वास येत नाही व एकत्र ठेवणे सोपे जाते. फार लहान वयात खच्ची केल्यास मूत्रमार्ग अरुंद राहतो आणि पुढे धान्याचा खुराक जास्त झाला तर खडा अडकून लघवी बंद होण्याचा धोका वाढतो. म्हणून घाई करू नये, खुराक बेताचा द्यावा व स्वच्छ पाणी सतत ठेवावे. मोठ्या बोकडाला खच्ची केल्यास स्वभाव लगेच बदलत नाही, त्यास काही आठवडे लागतात. तेवढे दिवस त्याला शेळ्यांपासूनही दूर ठेवावे, कारण त्या काळात गर्भधारणा होऊ शकते.

कुर्बानीसाठी खच्ची केलेला बोकड सर्वसाधारणपणे चालतो. तरीही काही गिऱ्हाईक खच्ची न केलेलाच मागतात. आपला नेहमीचा व्यापारी कोणता माल घेतो हे आधी विचारून मगच निर्णय घ्यावा.

विक्रीपूर्वीचा महिना

या महिन्यात टोळीत कोणताही बदल करू नये. शिंगांच्या टोकांवर रबरी नळीचे तुकडे घट्ट बसवावेत व विक्रीच्या दिवशी काढावेत. देवनारच्या किंवा अन्य बाजारात नेताना टेम्पोत अनोळखी बोकड एकत्र भरू नयेत. मध्ये फळी लावून दोन्ही टोळ्या वेगळ्या ठेवाव्यात. खाली पेंढा पसरावा, म्हणजे घसरून पाय मोडणार नाही. वर्षभर सांभाळलेला बोकड शेवटच्या प्रवासात लंगडा होऊ नये, याची काळजी घ्यावी.

थोडक्यात

• नरांचा कप्पा मे महिन्यात तयार ठेवा. ३ महिन्यांचे नर वेगळे करून सारख्या अंगाची टोळी बांधा.
• टोळीत नवा नर घालू नका.
• समोरासमोरच्या टकरीवर लक्ष ठेवा, कुशीवरचा मार दिसताच सोडवा.
• फळी वापरा, हात मध्ये घालू नका. एकाला बांधून दुसऱ्याला मोकळे ठेवू नका.
• वेगळा केलेला बोकड शेजारीच, दिसेल असा ठेवा. परत सोडताना मोकळ्या जागेत आणि सोबत्यासह सोडा.

शेतकरी बंधू-भगिनींनी एवढी दक्षता घेतल्यास पावसाळ्यातील टकरींमुळे होणारे नुकसान बऱ्याच अंशी टळेल आणि वर्षभराच्या कष्टांचा योग्य मोबदला पदरात पडेल.